टोलाचं वजन

तात्या,

शाळेचा टोल काल पुन्हा जागेवर बांधला. गाठ तुमच्यासारखी बसलेली नाही. तुम्ही बांधलेला टोल वाऱ्यानं हलायचा नाही, आणि लाकडाची मोगरी लागली की दोन्ही बाजूंना सारखा झुलायचा. माझा जरा डावीकडं कललेला आहे. आज सकाळी पहिलीतल्या एका मुलीनं मान वाकडी करून त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, टोलाची मान अवघडलीया का?" मी हो म्हणालो. हेडगुरुजी असून शिपायाचं काम करायची वेळ आली की माणूस लगेच खरं बोलायला लागतो.

नवा शिपाई दिवाळीनंतर पणदऱ्याहून येणार आहे. तोवर टोल मीच देतो आहे. भाद्रपदात तुम्ही गेलात त्याला आता महिना होत आला. गावानं तुमच्याबद्दल जे बोलायचं ते चांगलंच बोललं. तीस वर्षं शाळेचा शिपाई, कधी रजा नाही, कधी उलटं उत्तर नाही, हे सगळं झालं. मी त्या दिवशी दोन शब्द बोलायला उभा राहिलो आणि नेहमीसारखं लांबण न लावता खाली बसलो. लोकांना वाटलं, गुरुजींना भरून आलं. भरून आलं होतंच. पण बोलता आलं नाही त्याचं कारण वेगळं होतं. तुमचं माझ्याकडं एक मागणं राहिलं होतं, आणि ते मी हसून उडवून लावलं होतं.

पण आधी ट्रंकेचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

बारा वर्षांपूर्वी बारामतीहून सर्व्हिस मोटारनं मी ह्या गावात उतरलो तेव्हा तुम्ही फाट्यावर उभे होता. अंगात खाकी कोट, डोक्याला पटका. मी नमस्कार करायच्या आत तुम्ही माझी ट्रंक उचललीत, जराशी वरखाली केलीत आणि म्हणालात, "मणाला दोन शेर कमी. पुस्तकं हायती जणू." मी म्हटलं, हो, पुस्तकंच. तुम्ही म्हणालात, "मंग टिकाल तुमी हितं. कापडं आणणारं गुरुजी वर्साच्या आत बदली मागत्यात." ट्रंक खांद्यावर टाकून तुम्ही चालू लागलात, आणि मी रिकाम्या हातांनी मागून. त्या दिवसापासून आपलं तसंच चाललं.

तुमच्या हातांची कीर्ती मला पुढच्याच बाजाराच्या दिवशी कळली. शेळगावचे, निरवांगीचे लोक करडं-कोकरं घेऊन शाळेच्या फाटकाशी यायचे. तुम्ही कोकराच्या पोटाखाली हात घालायचात, उचलायचात, डोळे मिटायचात आणि वजन सांगायचात. घेणारा आणि विकणारा दोघंही मान डोलवून निघून जायचे. तुमचे वडील मेंढरं राखायचे, त्यांच्याकडून हे तुमच्या हातात आलेलं. मी तपासणीच्या भीतीनं म्हणालो होतो, शाळेच्या दारात बाजार नको. तुम्ही म्हणालात, "बाजार न्हाय गुरुजी, निस्ता हात लावतोय." आणि पुढच्या बाजाराला फाटकाच्या आतून बाहेर आलात, फाटकापासून चार पावलं लांब उभे राहिलात. एवढीच तडजोड झाली.

माझी थोरली इथंच जन्मली. बारशाला तुम्ही तिला दोन्ही हातांवर घेतलंत आणि म्हणालात, "साडेतीन शेर. लेक दणकट हाय." दोन दिवसांनी इंदापूरच्या दवाखान्यात नर्सनं तिला काट्यात ठेवलं आणि वजन पौंडात सांगितलं. मी तिथल्या बाकावर बसून कागदावर पौंडांचे शेर केले. तुमचं बरोबर आलं. मी घरी येऊन बायकोला तो कागद दाखवला तर ती म्हणाली, "तात्यांनी सांगितलं होतं ना? मग कागद कशाला?" हा प्रश्न तिनं मला विचारला होता, हे मी पुढं सोयीस्कर विसरलो.

तुमच्या टोल देण्यावरून मात्र आपले खटके उडायचे. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले की टोल पडायला हवा, हे माझं म्हणणं. तुमचा टोल घड्याळाकडं पाहून सुरू व्हायचा, हे खरं. पण संपायचा तो पाटाच्या भरावाकडं पाहून. तिकडच्या वस्त्यांवरची मुलं भरावावरून पळत येताना दिसली की तुम्ही दोन ठोक्यांमध्ये अंतर वाढवायचात. शेवटचं पोर दप्तर सावरत फाटकातून आत आलं की मगच शेवटचा ठोका. नियमाप्रमाणं टोल संपायच्या आधी आलेलं मूल वेळेवर आलेलं धरायचं. तेव्हा तुमच्या काळात शाळेत उशिरा कोणी आलंच नाही. एकदा दिपोटी साहेब तपासणीला आलेले असताना एक ठोका पडला आणि पुढचा पडेचना. साहेबांनी भुवई उचलली. मी बाहेर आलो तर तुम्ही मोगरी उचलून उभे, आणि भरावावर एक चिमुरडं लंगडत येतंय. मी दात ओठ खात आत गेलो आणि साहेबांना म्हणालो, टोल जुना आहे, आवाज पूर्ण विरू द्यावा लागतो. ते खोटं मी किती सहज बोललो, याचं मला आजही बरं वाटतं.

आता त्या गोष्टीकडं येतो. दर जूनला पहिलीची नवी मुलं आली की तुम्ही त्यांना मधल्या सुट्टीत टोलाखाली बसवून ती सांगायचात. रडणारी पोरं गप्प व्हायची. मी ऑफिसच्या खिडकीतून बारा जून ऐकली आहे, त्यामुळं मला ती तुमच्या शब्दांत पाठ आहे.

"पाटाच्या चारीला पयल्यांदा पाणी आलं त्या दिशी मी हितंच बसलो हुतो, तुमच्यावानी. माळाकडनं माणसं वरडत आली, पाणी आलं, पाणी आलं. समद्या गावाला सांगायचं तर टोल वाजवाय पायजे. मोगरी काय घावंना. माणसं चारी खणून आलेली, हातात पहारी हुत्याच. एकानं पहारीनंच टोल बडवला. पाच-सात ठोकं झकास पडलं. आठव्याला टोलाला चीर गेली."

इथं तुम्ही थांबायचात आणि मोगरीनं जमिनीवर ठक् असा आवाज करायचात. मुलं दचकायची.

काशाचा टोल चिरला, फुटक्या मडक्यासारखा वाजू लागला. गावाला पाणी मिळालं आणि शाळेची वाचा गेली. तेव्हाचे हेडगुरुजी घाबरले, कारण टोल बोर्डाचा, सरकारी वस्तू. ओढ्याच्या काठाला ओताऱ्यांची पालं पडली होती, घंटा आणि देव ओतून विकणारे लोक. त्यांनी टोल पाहिला आणि म्हणाले, वितळवून पुन्हा ओततो, पण वरून धातू घालावा लागेल, नाहीतर नवा टोल पातळ येईल आणि पुन्हा फुटेल. तेव्हा गावातल्या पाच बायका भांडी घेऊन पालावर गेल्या. तोवर त्या दोन कोसांवरून डोक्यावर पाणी आणत होत्या. तुमची आई म्हणाली होती, "पाण्यापायी फुटलाय, तर पाण्याचंच भांडं घालू." तुमच्या घरात पितळेची वस्तू एकच होती, तांब्या. तो तिनं दिला. तुमचे वडील मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरले होते. ते परत आले, हातपाय धुवायला तांब्या मागितला. आई तुमचं नाव घेऊन म्हणाली, "तांब्या शाळंत घातला. केरबाच्या जोडीला." वडिलांनी म्हणे मग मडक्यानंच पाणी घेऊन तोंड धुतलं.

गोष्टीच्या शेवटी तुम्ही पाच नावं घ्यायचात. भागू, तुळसा, गंगू, चिमा आन् ती नवी सून. पाचवी बाई लग्न होऊन आठच दिवस झालेली होती, माहेरचं तपेलं घेऊन आली होती, आणि तिचं नाव अजून कोणाला माहीत झालं नव्हतं. वर्षाच्या आत तिचं सासर गाव सोडून गेलं. तुम्ही म्हणायचात, टोलाचा आवाज जरा घोगरा आहे तो पितळेमुळं, आणि तुमच्या आईचा आवाजही तसाच होता.

मी इतिहास शिकवतो. मला गोष्ट आवडायची, पण ती मी गोष्ट म्हणूनच ऐकायचो.

यंदा शाळेला पन्नास वर्षं होतात म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडंच आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जुनं दप्तर उपसत होतो. तुम्ही धूळ झटकून गठ्ठे पुढं करत होता. मध्येच म्हणालात, "गुरुजी, त्या पाच बायांची नावं घाला की पुस्तकात. एक वळ लिवली तरी बास." बारा वर्षांत तुम्ही स्वतःसाठी किंवा आपल्या माणसांसाठी माझ्याकडं काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही. मी म्हणालो, पुरावा सापडला तर घालू.

पुरावा सापडला, पण उलटा. जडवस्तूंच्या पहिल्या रजिस्टरात सुंदर मोडी वळणाच्या अक्षरात नोंद होती. काशाचा टोल एक, कालव्याच्या कचेरीकडून जुना घेतला, वजन सव्वानऊ शेर. मोगरी एक. त्यापुढं दरवर्षीचा शेरा: टोल सुस्थितीत. एकाही वर्षी चीर नाही, ओतारी नाही, तांब्या नाही. मी गावातल्या म्हाताऱ्यांनाही विचारलं. एक म्हणाला टोल देवळातून आणला, दुसरा म्हणाला पलटणीतला आहे, तिसऱ्यानं माझ्याकडं तंबाखू मागितली.

मग जूनच्या पहिल्या दिवशी ऑफिसात, चार शिक्षकांच्या देखत, मी तुम्हाला ती नोंद वाचून दाखवली. मला तेव्हा केवढा आनंद झाला होता, हे आता आठवून लाज वाटते. बारा वर्षांचा वाद मी जिंकलो होतो. तुम्ही चहाची किटली हातात धरून ऐकून घेतलंत. म्हणालात, "सव्वानऊ? न्हाय गुरुजी. जास्त हाय."

"कशावरून?"

"दरसाली खंडेनवमीला उतरवतोय की. हाताला कळतं."

आणि मी म्हणालो, "तात्या, वय झालं की सगळंच जड लागतं."

शिक्षक हसले. तुम्हीही हसलात. सगळ्यांचे कप भरलेत, माझा आधी. किटली खाली ठेवताना म्हणालात, "एकदा तोलून बगा." मी म्हणालो, टोल उतरवून शाळा बंद ठेवू का? तेवढ्यावर तो विषय संपला. ट्रंक, कोकरं, माझी स्वतःची लेक, ह्यांतलं काहीही मला त्या वेळी आठवलं नाही.

त्या जूनला तुम्ही पहिलीच्या मुलांना गोष्ट सांगितली नाहीत. मधल्या सुट्टीत ती इकडंतिकडं धावत राहिली, काही रडत राहिली. मी खिडकीतून पाहिलं. विचारावं असं दोन-तीनदा मनात आलं. मग पाऊस लागला, परीक्षा आल्या, आणि तुम्ही गेलात. मी स्मरणिकेचा मजकूर लिहून काढला. त्यात टोलाला एक ओळ होती: टोल कालव्याच्या कचेरीकडून घेतला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. दरवर्षी ह्या दिवशी तुम्ही टोल उतरवायचात, चिंच आणि राख लावून घासायचात, कुंकवाची पाच बोटं ओढायचात, झेंडूची माळ घालायचात. यंदा हे कोण करणार? एक शिक्षक म्हणाला, वर टांगलेला असतानाच माळ घालू. मला ते पटलं नाही. मी स्टुलावर चढलो. तुम्ही वळलेली लोकरीची दोरी सोडली. साखळीनं आवाज मरतो म्हणून तुम्ही ती खास वळलेली होती. टोल माझ्या दोन्ही हातांत आला.

तात्या, मी तसाच स्टुलावर थांबलो. खालून कोणीतरी विचारलं, काय झालं गुरुजी, चक्कर येते का? मी म्हणालो, नाही. सव्वानऊ शेर म्हणजे किती, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरी महिन्याचं धान्य मीच आणतो. हातात होतं ते सव्वानऊ शेर नव्हतं.

घासायचं राहिलं. मी टोल धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि तडक दत्तूशेठच्या अडतीवर गेलो. गुऱ्हाळं अजून सुरू व्हायची होती, गुळाचा काटा रिकामाच होता. पण काट्याला हळदकुंकू लावलेलं, वर माळ. दत्तूशेठ म्हणाले, "आज न्हाय गुरुजी. आज काट्याची पूजा. आज त्यो कामाला लावत न्हाईत. दसरा होऊ द्या, परवा या." मी त्यांना म्हणालो, दोनच मिनिटांचं काम आहे. ते म्हणाले, "व्हय, पर आज हत्यारानं इसावा घ्यायचा असतोय. तुमी शिकली-सवरलेली माणसं." मी टोल घेऊन घरी परतलो.

दोन दिवस टोल आमच्या घरात पाटावर होता. बायकोनं चिंचेनं घासून लख्ख केला आणि त्यावर शेवंतीचं फूल ठेवलं. थोरली येता-जाता त्यावर चमच्यानं टिचकी मारायची. दसऱ्याचं सोनं वाटून आलो, सगळ्यांना नमस्कार केले, आणि रात्री जेवताना माझं लक्ष पाटाकडंच. बायको म्हणाली, "एवढं काय पाहताय? उचलून झालं ना?" मी म्हणालो, काट्यावर बघायचंय. तिनं ताटात एक पोळी जास्त वाढली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दत्तूशेठनी टोल पारड्यात ठेवला. एक-एक वजन चढवलं. मी म्हणालो, परत तोला. परत तोलला. मी म्हणालो, पारडी बदलून तोला. तेही केलं. तिन्ही वेळा पावणेबारा शेर.

"किती पायजे हुतं?" दत्तूशेठनी विचारलं.

"सव्वानऊ."

"मंग अडीच शेर वर हाय. कुणी घातलं?"

मी त्यांना पाच बायकांची गोष्ट सांगितली. अडतीवर चार शेतकरी होते, तेही ऐकत उभे राहिले. दत्तूशेठनी बोटांवर हिशेब केला. म्हणाले, तांबे-तपेली हलकीच असत्यात त्या वेळची, वितळताना थोडं जळतं, अडीच शेर बराबर येतंय. म्हणजे तुम्हाला हरवायला जो कागद मी दाखवला, त्याच कागदात तुमचा पुरावा होता. आकडा माझ्या रजिस्टरात होता, उरलेलं तुमच्या हातांत होतं. तोलायला मला दोन मिनिटं लागली असती. आणि दरवर्षी 'सुस्थितीत' लिहिणाऱ्या त्या घाबरलेल्या हेडगुरुजींच्या जागी आज मीच बसलेलो आहे.

तिथून तसाच तुमच्या घरी गेलो. सुंदरावहिनी अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या. मी टोल त्यांच्यापुढं ठेवला आणि वजन सांगितलं. त्यांनी हातातलं सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "त्यास्नी म्हाईत हुतं की."

"माझ्यावर रागावले होते का?"

"न्हाय वं. म्हणायचं, गुरुजींनी एकदा उचलला की झालं. हातच सांगंल त्यास्नी."

"मग यंदा मुलांना गोष्ट का नाही सांगितली?"

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या टोलावरून पदर फिरवत होत्या, जणू त्यावर अजून धूळ होती. म्हणाल्या, "मी बी इचारलं हुतं. म्हणलं, हेडगुरुजींनी कागद वाचलाय. त्यांच्या मागं पोरांस्नी येगळं कसं सांगू? शाळंत गुरुजींचा शबूद खाली पडू ने."

तात्या, मला खूप वाईट वाटलं, आणि मी ते वहिनींसमोर लपवलं नाही. तुम्ही आईचा तांब्या गिळून टाकलात, माझ्या शब्दासाठी. आणि तो शब्द चुकीचा होता. हे मी तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं, किटली तुमच्या हातात असताना, त्या चार शिक्षकांच्या देखत. आता ते मी त्या चौघांना म्हणालो आहे. ते तुमच्यापर्यंत पोचत नाही, हे मला कळतं.

वहिनींनी मला बसवलं, गूळशेंगा दिल्या. थोड्या वेळानं त्या टोल मांडीवर घेऊन म्हणाल्या, "सासूबाईंचा आवाज लई घोगरा हुता. मला नवी असताना भ्या वाटायचं." आणि हसल्या. मग मीही हसलो. तुमच्या घरात फार वेळ रडत बसता येत नाही, हे मला आधीपासून माहीत आहे.

स्मरणिकेतली ती ओळ मी खोडली. आता तिथं सहा ओळी आहेत. चारी, पहार, चीर, ओतारी, अडीच शेर. आणि नावं: भागूबाई, तुळसाबाई, गंगूबाई, चिमाबाई आणि नव्यानं लग्न होऊन आलेली एक सून. छापखानेवाल्यानं विचारलं, शेवटचं नाव राहिलंय का? मी म्हणालो, राहिलेलं नाही, तसंच छापा. जडवस्तूंच्या रजिस्टरातही तांबड्या शाईनं दुरुस्ती केली, सही केली. शेऱ्याच्या रकान्यात 'सुस्थितीत' तेवढं तसंच ठेवलं, कारण ते आता खरं आहे.

काल अकराला मी पहिल्यांदा तुमच्या पद्धतीनं टोल दिला. घड्याळ पाहून सुरुवात केली आणि भरावाकडं पाहत राहिलो. दोन भाऊ पळत येत होते, धाकट्याची चप्पल हातात. मी मोगरी उचलून थांबलो. ऑफिसातून एका शिक्षकानं डोकं बाहेर काढलं, मला पाहिलं आणि परत आत घेतलं. दोघं फाटकातून आत आले, धाकट्यानं चप्पल खाली टाकून पायात घातली, मग मी शेवटचा ठोका दिला. वेळेवर आले दोघंही.

आज मधल्या सुट्टीत पहिलीची मुलं टोलाखाली बसवली. जूनमध्ये सांगायची ती गोष्ट आश्विनात सांगितली. मला तुमच्यासारखं ठक् करता येत नाही, मोगरी जमिनीवर मारली तर ती उडून माझ्याच पायावर आली आणि मुलं दचकण्याऐवजी हसली. पण पाच नावांपर्यंत पोचलो. टोलाच्या मानेबद्दल विचारणारी ती मुलगी पुढंच बसली होती. तिनं विचारलं, "गुरुजी, ह्ये तुमाला कसं म्हाईत?"

मुलांनी असं विचारलं की मी गेली सव्वीस वर्षं एकच उत्तर देत आलोय, कागदात आहे. तेच ओठांवर आलं होतं.

"मी उचलून पाहिलाय," मी म्हणालो.

"लई जड हाय?"

"अडीच शेरानं."